चुंबकाच्या चाकाचा हिशेब

परभणीत माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात जळालेल्या सबमर्सिबल मोटारींची रांग लागते. कुठं व्होल्टेज कमी, कुठं एक फेज गेलेला, आणि शेतकऱ्याची पाळी रात्रीची. नुसत्या चुंबकावर फिरणारी मोटर करायचं मनात आलं ते हे बघून.

चकती आधी ॲल्युमिनियमची केली. चुंबकासमोरून ती सरकली की तिच्यात भोवरे प्रवाह, म्हणजे धातूत गोल फिरणारी वीज, उठायचे आणि ब्रेक लागायचा. मग हायलम शीट कापली, म्हणजे वीज न वाहणारा कडक पत्रा. काठावर एक निओडिमियम चुंबक, पलीकडं तोलासाठी पितळेचा तुकडा, समोर दांड्यावर दुसरा चुंबक. तो चकतीला जोरात ओढून घ्यायचा, पण समोर आली की सोडायचा नाही. नेमका तेव्हाच त्याला मागं घ्यावा, म्हणून लेथवाल्या मिस्त्रींकडून चार दांड्यांची जोडणी करून घेतली. पहिल्या वेळी क्रँक, म्हणजे पूर्ण फेरी मारायचा दांडा, पुरता फिरेचना, कारण दांडे मी अंदाजानं कापले होते. सगळ्यात लहान आणि सगळ्यात लांब दांड्याची बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेहून जास्त नको, हा ग्राशोफचा नियम नंतर कळला.

जोडणी फिरली, पण हातानं गती दिली की दोन-तीन फेऱ्यांत थांबायची. मग मोजायला बसलो. दांडा त्या-त्या जागी खिळवून, काठाला दोरा गुंडाळून, दर 5 अंशांवर ताणकाट्यानं ओढ मोजली आणि आलेख काढला. चकतीच्या बाजूला चक्क फायदा दिसत होता, पुढं ओढणारा जोर अडवणाऱ्या जोराहून जास्त! त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी मिस्त्रींनी कागद बघितला. म्हणाले, “भाऊ, चकतीची ओढ मोजली. तो चुंबक मागं घ्यायला जोर लागतो, तो कुठं मांडला?”

दांड्याला ताणकाटा लावला. चकतीवर जेवढं मिळालं, तेवढंच दांडा मागं घेताना गेलं. दांड्याची लांबी बदलली, मागं घ्यायची वेळ बदलली, बारा आलेख काढले. बेरीज शून्याभोवतीच, आणि बुशांचं घर्षण वर. संभाजीनगरची पाणचक्की फिरते, कारण नहरीतून वरून पाणी येत राहतं. माझ्या चुंबकात असं वरून काहीच येत नव्हतं. वाईट वाटलं, पण पटलं.

मग जोडणी काढली आणि दांड्यावरच्या चुंबकाच्या जागी वाइंडिंगच्या तारेची कॉइल बसवली. आत लोखंड घातलं नाही, नाहीतर चुंबक त्यालाच धरून बसतो. चुंबक जवळ आला की ओळखणारा हॉल सेन्सर, 12 व्होल्टची बॅटरी. चुंबक समोर आला की प्रवाह तुटतो. चकती फिरली, फिरत राहिली. वीज लागतेच, पण चुंबकाला स्वतःचं क्षेत्र टिकवायला लागत नाही. नेहमीच्या इंडक्शन मोटारीच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, विजेचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंच इथं वाचतं.

आता छोट्या पंपाचा रोटर करतोय. साधा निओडिमियम 80 अंश सेल्सियसच्या वर जोर गमावू लागतो आणि आपल्याकडं मे महिना कसा असतो ते सांगायला नको, म्हणून जास्त उष्णता सोसणारे चुंबक मागवलेत.