तुम्ही विचारलंत म्हणून : वळिवड्याचे पोलिश घरी का गेले नाहीत?

कोल्हापुरात पाहुणे आले की मी त्यांना महावीर उद्यानातला पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ दाखवतो, आणि १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसे शहराजवळच्या वळिवड्याला छावणीत राहत होती हे ऐकल्यावर ते हमखास विचारतात, ‘पण युद्ध संपल्यावर ती आपल्या घरी का गेली नाहीत?’ पूर्वी मी ‘पोलंड कम्युनिस्ट झाला म्हणून’ एवढे सांगून मोकळा होत असे. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते.

ही माणसे पूर्व पोलंडची. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत संघ पोलंडमध्ये घुसले, आणि १० फेब्रुवारी १९४०च्या कडाक्याच्या थंडीत सोव्हिएत पोलिसांनी हद्दपारीची पहिली मोठी मोहीम काढली. माजी सैनिक असलेले शेतकरी, जंगलखात्यातले नोकर आणि त्यांची बायकामुले यांना झोपेतून उठवून मालगाडीच्या डब्यांत भरण्यात आले आणि उत्तर रशियात, सायबेरियात लाकूडतोडीला जुंपण्यात आले. पुढच्या मोहिमांत अटकेतल्या लोकांची कुटुंबे कझाकस्तानात गेली. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर स्टालिनला मित्रांची गरज भासली, पोलंडच्या लंडनमध्ये आश्रयाला गेलेल्या सरकारशी करार झाला आणि या सर्वांना ‘माफी’ मिळाली. गुन्हा कोणता, हे मात्र कोणी सांगितले नाही.

त्यानंतर जनरल आंदर्स यांचे पोलिश सैन्य जिथे जमत होते त्या दक्षिणेकडे लोक निघाले. वाटेत उपासमारीने आणि टायफसने किती घरांतली माणसे गेली, याचा हिशेब त्या त्या घरालाच ठाऊक. १९४२ मध्ये क्रास्नोव्होद्स्कहून जहाजांनी कास्पियन समुद्र ओलांडून ती इराणच्या पहलवी बंदरात उतरली. पुरुष लढायला गेले. उरलेल्या बायकामुलांपैकी काही कराचीमार्गे वळिवड्याला आली. इथे त्यांनी शाळा, चर्च, दवाखाना आणि नाटकेसुद्धा उभी केली, कारण मुलांना परत न्यायचे होते आणि तोवर त्यांची भाषा टिकायला हवी होती.

परत जायचे ते गाव मात्र फेब्रुवारी १९४५च्या याल्टा परिषदेत हातचे गेले; तिथे रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे ठेवायचे ठरवले. आंदर्स यांच्या सैनिकांनी मे १९४४ मध्ये इटलीतले मोंते कासिनो जिंकून दिले होते, तरी त्यांच्यापैकी अनेकांची ल्वूव्ह आणि व्हिल्नो ही शहरे सोव्हिएत संघाकडेच राहिली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने वॉर्सामधील मॉस्कोच्या मर्जीतल्या सरकारला मान्यता दिली. ज्या राजवटीने मध्यरात्री दार ठोठावले होते, तिच्याच सावलीत पुन्हा संसार मांडायला बहुतेक आया तयार नव्हत्या, आणि मला त्यांचे चुकले असे कधीच वाटले नाही. मागे राहिलेल्यांच्या ओढीने काही जणी गेल्याही. ज्यांचे नवरे किंवा मुलगे पोलिश सैन्यात होते त्यांपैकी अनेकींना ब्रिटनच्या १९४७च्या पोलिश पुनर्वसन कायद्यामुळे तिथे राहता आले. बाकीचे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे पांगले.

रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि छावणीचे गांधीनगर झाले. स्तंभ पाहून झाला की पाहुण्यांना तिथल्या बाजारात कापड घ्यायचे असते, म्हणून आम्ही तिकडे जातो. दुकानदार ठाण उलगडत असतात, भाव होतो. पण ‘तुम्ही घरी का गेला नाहीत?’ असे त्यांना एकाही पाहुण्याने अजून विचारलेले नाही.