मागे बसून आम्ही काय बोलतो

मी मालिकांमध्ये मागच्या गर्दीत असतो हे कळलं की आधी विचारणा होते, "कुठल्या मालिकेत?" मग, "दिसता का?" आणि मग जरा पुढे सरकून खरा प्रश्न येतो: "ते हॉटेलच्या सीनमध्ये मागच्या टेबलावरचे दोघं एवढं तोंड हलवत असतात, ते नक्की काय बोलतात हो?" तुम्हीही तेच विचारलंत, आणि वर "त्यातले तुम्ही कोणते?" हेही, म्हणून सांगतो.

काही बोलत नाही. अगदी काहीच नाही. ओठ हलतात, हातवारे होतात, भुवया वर जातात, पण आवाज शून्य. कुजबुजसुद्धा चालत नाही. कुजबुजीतला 'स' माइकला फार आवडतो.

कारण साधं आहे. नायिकेचं एक वाक्य तिसऱ्या टेकमधलं घेतात, पुढचं पाचव्यातलं. मागे आम्ही खरंच बोलत असलो, तर त्या दोन वाक्यांच्या सांध्यावर आमचं बोलणं शब्दाच्या मधोमध तुटेल आणि तिथे भलतंच काहीतरी ऐकू येईल. शिवाय मालिका दुसऱ्या भाषेत डब करायची झाली, तर संवादात मिसळलेला गलका बाहेर कसा काढणार? म्हणून संवाद स्वच्छ घेतात आणि गर्दीचा गलका वेगळा ध्वनिमुद्रित करून नंतर खाली अंथरतात. त्या गलक्यात शब्द कळायला नकोत, नुसती गजबज हवी. अमेरिकेतले लोक या आवाजाला 'वाला' म्हणतात, कारण पूर्वी रेडिओ नाटकात गर्दी करायची असली की चार जण मिळून 'वाला वाला' असं पुटपुटायचे. ब्रिटनमधले त्याच कामासाठी 'रूबार्ब रूबार्ब' म्हणायचे. रूबार्ब ही एक भाजी.

आवाज नको म्हणजे कशाचाच नको. बुटांच्या तळाला जाड कापड चिकटवतात, पेले टेबलावर ठेवताना कापसावर ठेवल्यासारखे ठेवायचे. नाचाचा सीन तर बघण्यासारखा असतो. गाणं सुरू होतं, सगळ्यांच्या पायांना ताल मिळतो, आणि नायक तोंड उघडायच्या आत गाणं बंद! पुढचं मिनिटभर तीस माणसं शांततेत नाचतात आणि ऐकू येते ती फक्त कपड्यांची सळसळ. काही ठिकाणी ताल सुटू नये म्हणून ४० हर्ट्झच्या आसपासचे नुसते ठोके चालू ठेवतात. ते माणसाच्या आवाजाच्या पट्टीखाली असल्याने नंतर गाळून टाकता येतात. आमच्या वाट्याला हे सुख क्वचित येतं. आम्ही एकमेकांचे खांदे बघून नाचतो.

आणि शब्दाला पैसे पडतात, हेही आहेच. अमेरिकेत सॅग-आफ्ट्रा या संघटनेचे नियम लागू असतील, तर मागच्या माणसाला पटकथेतलं एक वाक्य दिलं की तो गर्दीतला राहत नाही, नट होतो, आणि त्याचा दर बदलतो. म्हणून वेटर येतो, मान डोलावतो आणि मुकाट जातो. तुम्हाला वाटतं, किती शालीन! त्याच संघटनेचा २०२३ चा संप ११८ दिवस चालला, तेव्हाच्या वादात आमच्यासारख्यांचे चेहरेही होते: एकदा अंगभर स्कॅन करून घ्यायचं आणि पुढे माणसाऐवजी ती नक्कल उभी करायची, ही धास्ती. करारात संमतीची अट आली. मला स्वतःला अजून कुणी स्कॅन केलेलं नाही. माझा चेहरा विसरला जावा म्हणूनच मला घेतात, असा माझा समज आहे.

तर न बोलता बोलायचं. पण तोंड हलवायचं तर आत काहीतरी शब्द लागतातच, नाहीतर माशासारखी उघडझाप होते आणि कॅमेऱ्याला ती लगेच कळते. नवीन मुलं "हॅलो हॅलो, काय म्हणता, काय म्हणता" एवढ्यावर अडकतात. मी पाढे म्हणतो. सत्तावीसचा उत्तम. त्यात ओठ मिटतात, उघडतात, जीभ दिसते आणि मध्येच विचारात पडल्यासारखा चेहराही आपोआप होतो, कारण सत्तावीस साते मला खरंच पटकन येत नाही. एकदा कोर्टाच्या सीनमध्ये दोन दिवस एका आजोबांशेजारी बसलो होतो. त्यांचा आवेश असा, की मला वाटलं जुन्या खटल्याची हकिगत सांगताहेत. जेवणाच्या सुट्टीत विचारलं तर म्हणाले, "दिडकी, दीडाचा पाढा. तुम्ही?"

हे करता करता कान मात्र पुढेच ठेवावे लागतात. पासिंग, म्हणजे कॅमेऱ्यासमोरून किंवा नटांच्या मागून चालत जाणं, घड्याळावर नसतं, शब्दावर असतं. "ती 'विश्वास' म्हणाली की निघा." ती कधी लवकर म्हणते, कधी डोळे पुसून म्हणते, आपण शब्द पकडायचा. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खा सीन एकत्र दिसतो त्या शॉटमध्ये, 'विश्वास'वर निघालो, तर तिच्या सजेशनला (समोरच्याच्या खांद्यावरून घेतात तो शॉट), त्याच्या सजेशनला आणि दोघांच्या क्लोजलाही 'विश्वास'वरच निघायचं. एकदा मी एक शब्द आधीच निघालो, आणि कंटिन्युटी, म्हणजे प्रत्येक शॉटमध्ये सगळं आधीसारखंच आहे ना हे, बघणाऱ्या मुलीने मान वरही न करता म्हटलं, "निळा शर्ट, घाई झाली का?" नाव कुणालाच माहीत नसतं. शर्टावरूनच हाक मारतात. एकाच सीनचे तेच सहा संवाद दिवसभर कानावर पडतात आणि त्या दोघांचं भांडण कशावरून झालं हे शेवटपर्यंत कळत नाही.

आता जे खरं तर सांगणार नव्हतो, ते.

पार्टीचा सीन होता. कपडे प्रॉडक्शनचे. मला एका काकूंसमोर उभं केलं, हातात सरबताचा पेला, माझी पाठ कॅमेऱ्याकडे, त्यांचं तोंड कॅमेऱ्याकडे. असिस्टंट म्हणाला, "हसतखेळत हं, पार्टी आहे." काकूंचा पहिलाच दिवस, म्हणून मी मोठेपणा घेतला. मॉनिटर, म्हणजे टेकआधीची तालीम, होईपर्यंत त्यांना पाढ्यांची युक्ती समजावली. कॅमेरा रोल झाला. काकू बोलायला लागल्या आणि मी थक्क. काय ते डोळे, काय ती बोटं! माझ्या खांद्याकडे खूण काय करतात, स्वतःच्या मानेला हात काय लावतात. मी मनात म्हटलं, बाई जन्मजात नटी आहे, आणि मान मागे टाकून मनसोक्त हसलो. कट. मी लगेच म्हणालो, "सुंदर! फक्त हात जरा कमी, लेन्सकडे बघू नका, आणि सत्तावीसचा जड जात असेल तर एकोणीसचा घ्या." त्या काही म्हणणार तोच, "वन मोअर." पुन्हा तेच डोळे, तीच बोटं, आणि माझं तेच हसणं. असे पाच टेक झाले. दरवेळी मध्ये मी त्यांना काहीतरी शिकवलंच.

मास्टर ओके झाला, लाइट बदलायला वेळ लागणार होता. तेव्हा कुठे मी श्वास घ्यायला थांबलो आणि काकूंना जागा मिळाली.

"अहो, तुमच्या कॉलरला मागे नंबराची चिठ्ठी लटकतेय. मघापासून तेच सांगतेय. तुम्ही हसताय."

मानेमागे हात नेला. ड्रेसदादांनी सेफ्टी पिनने लावलेली पांढरी चिठ्ठी, चांगली बोटभर. काढायला गेलो तर कंटिन्युटीवाली मुलगी धावत आली. मोबाइलवरचा फोटो बघितला, मॉनिटरवर जाऊन मास्टर बघितला, परत आली.

"दिसतेय. आता राहू दे. आणि दुपारच्या शॉट्सना पण अशीच हवी, डावीकडे वळलेली."

दिवसभर ती तशीच राहिली. जेवणाच्या सुट्टीत ड्रेसदादा शर्ट घेऊन गेले, तेव्हा मुलीने बजावून तीच चिठ्ठी त्याच पिनने त्याच कोनात परत लावून घेतली. काकूंना पुढच्या टेकपासून बोलायला विषयच उरला नाही, तेव्हा त्या एकोणीसच्या पाढ्यावर आल्या.

त्यामुळे "त्यातले तुम्ही कोणते?" या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निदान त्या एका भागापुरतं उत्तर माझ्याकडे आहे. पार्टीत मागे, डाव्या बाजूला, पाठमोरा, पाच नंबर.