फुगडी आणि ट्यूब

बाबांची सायकल हल्ली माझ्याकडे असते. काळी, 22 इंची, रॉड ब्रेकची, चेनवर पत्र्याचं अखंड कव्हर, मागे पाटा लोटून उभं करायचं ते दणकट स्टँड. भाजी आणायला वापरते, आणखी कशाला. तर तिची मागची ट्यूब गेल्या आठवड्यात व्हॉलच्या, म्हणजे हवा भरायच्या नळीच्या, अगदी बुडाशी फाटली. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या दादांनी ती दोन बोटात ताणून मला दाखवली, म्हणाले ताई इथे ठिगळ टिकत नाही, नवीच टाका, पण चाक काढावं लागेल, उद्या संध्याकाळी या.

चाक काढावं लागेल म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. कारण नवीन गिअरच्या सायकलीचं चाक निघतं तसं हे निघत नाही, इथे मागच्या एक्सलवर, म्हणजे चाकाच्या आसावर, सगळं खानदान लटकलेलं असतं, स्टँड, कॅरिअरच्या काड्या, मडगार्डच्या काड्या, आणि पलीकडे ते चेनकव्हर उघडायचं, चेन उतरवायची, मग परत बसवताना चेन एकतर आवळून बसते नाहीतर सैल, चाक एका बाजूला घासतं आणि कव्हर पुढचे दोन महिने टक टक टक करत राहतं. एकदा भोगलंय हे. पत्रा एकदा हलला की जन्मभर हललेलाच.

लहानपणी मला एक कोडं पडायचं. पंक्चर काढताना चाक कोणीच काढत नाही, टायरची एक बाजू रिमवरून उतरवायची, आतडं ओढावं तशी ट्यूब बाहेर ओढायची, घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडे बघायचे, कानशीने घासायचं, सोल्यूशन लावायचं, ठिगळ ठोकायचं, परत आत कोंबायचं. झालं. पण ट्यूबच बदलायची असेल तर? जुनी कात्रीने कापून निघेल, ते सोपंय. नवी कशी घालणार, ती तर अखंड कडं आणि मध्ये एक्सल दोन्हीकडून फ्रेमने धरलेला! हे म्हणजे दोघी फुगडी खेळतायत आणि खेळता खेळता एकीच्या हातात बांगडी भरायचीय. एक हात सोडल्याशिवाय भरताच येणार नाही.

दोन्ही सोडायची मात्र गरज नाही, एकच हात पुरतो, म्हणजे एक्सलचं एकच टोक. हे इतकी वर्षं कसं सुचलं नाही देव जाणे.

युरोपात यावर तोडगा म्हणून मुळात कडं नसलेलीच ट्यूब मिळते, दोन्ही टोकं बंद असलेली लांब नळी, चाकाभोवती फिरवायची आणि टोकाला टोक लावायचं. नेदरलँड्सला असलेल्या भाच्याने फोटो पाठवला होता, तिथेही सायकलींना आपल्यासारखी बंद चेनकव्हरं असतात म्हणे, तेव्हा दुखणं एकच. आणि खरं तर या दुखण्याला जुना इतिहास आहे. बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी 1887-88 च्या सुमारास पोराच्या तिनचाकीसाठी हवेचा टायर केला, पण तेव्हाचे टायर रिमला चिकटवलेले असायचे, पंक्चर झालं की तासन् तास जायचे. सुटा निघणारा टायर मिशेलिन बंधूंनी 1891 मध्ये आणला. म्हणजे टायर सुटला, ट्यूब मात्र एक्सलमध्ये अडकली ती अडकलीच.

असो. दादांकडे न देता रविवारी पार्किंगमध्ये मीच सायकल सीट आणि हँडलवर उलटी केली. डावीकडचा नट पूर्ण काढला, स्टँड आणि काड्या तेवढ्या बाजूच्या सोडवल्या, उजवीकडचा नट नुसता सैल, चेनला आणि कव्हरला बोटसुद्धा लावलं नाही. एक्सलचं डावं टोक खाचेतून मागे ढकललं, चाक जरा तिरकं झालं आणि फ्रेम आणि एक्सलच्या मध्ये दोन बोटांची फट पडली. बस. त्या फटीतून जुनी ट्यूब सुर्रकन बाहेर आली, कापायचीही गरज पडली नाही.

नवी घालायच्या आधी टायरच्या आतून हात फिरवायचा, हळू, नाहीतर काटा टायरऐवजी बोटात सापडतो. मला एक बारीक तार मिळाली, अर्ध्या नखाएवढी. मग नवीत थोडी हवा मारून, म्हणजे नुसती गोल होईल इतकीच, फटीतून आत घेतली, व्हॉल रिमच्या भोकात, आणि टायर व्हॉलच्या समोरच्या बाजूने चढवत दोन्हीकडून व्हॉलपाशी आले. शेवटचा वीतभर भाग अजिबात जाईना. इथे माणूस स्क्रूड्रायव्हर उचलतो आणि नव्या ट्यूबला पहिलं भोक स्वतः पाडतो, मी एकदा पाडलंय, त्या 10 मिनिटांबद्दल जास्त बोलत नाही. युक्ती अशी की आधी बसलेली कड सगळीकडून चिमटून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलायची, तिथे घेर कमी असतो, उरलेलं सैल पडतं आणि अंगठ्यानेच चढतं. मग व्हॉल एकदा आत दाबून सोडायचा, म्हणजे टायरखाली ट्यूब चिमटत नाही.

पलीकडे गाडी धुणारे काका मगाचपासून बघत होते. म्हणाले, चाक न काढता कशी घातलीस? मी फुगडीचं सांगायला सुरुवात केली तर ते म्हणाले ते राहू दे, ती जुनी ट्यूब टाकणार असशील तर मला एक पट्टी काप, नळाला गुंडाळायला. कापून दिली. उरलेली कॅरिअरला बांधलीय, भाजीची पिशवी आता हलत नाही.