आमची वाटचाल : पोस्टग्रेस, पतसंस्था आणि बदललेली क्रमवारी

सांगलीत बसून आम्ही लिनक्स सर्व्हरवर पोस्टग्रेस (नोंदी साठवणारं मोफत डेटाबेस सॉफ्टवेअर) बसवून देतो आणि सांभाळतो. संगणक विकत नाही, सॉफ्टवेअर विकत नाही. पोस्टग्रेस ९.६ च्या काळात सुरुवात केली. पहिलं गिऱ्हाईक हळदीचे एक अडते. शेठ आजही आमच्याकडेच आहेत आणि दर कमी करा असं त्यांनी कधी म्हटलेलं नाही.

शेठच्या दिवाणजींनी पहिल्याच यादीवर बोट ठेवलं होतं : "काळे आधी आणि कावरे नंतर, हे कुठलं?" बरोबरच होतं त्यांचं. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) ळ चा क्रमांक ल च्या लगेच पुढे येतो, त्यामुळे 'सी' लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे भाषेनुसार ठरणारे नियम; 'सी'मध्ये फक्त हे क्रमांक बघितले जातात) काळे हे कावऱ्यांच्या आधी येतात आणि क्षीरसागर थेट क मध्ये जाऊन बसतात. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ह च्या नंतर. २०१७ साली पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीत आयसीयू (भाषांचे नियम जाणणारी लायब्ररी) आलं, तेव्हा नावाच्या कॉलमला 'एमआर-एक्स-आयसीयू' हे कोलेशन (क्रमवारीचे नियम, इथे मराठीचे) लावलं आणि यादी कावरे, काशीद, कासार, काळे अशी लागली. पंधराव्या आवृत्तीपासून अख्ख्या डेटाबेसला आयसीयू देता येतं. मराठी नावं साठवणाऱ्या प्रत्येकाने हा निर्णय डेटाबेस तयार करतानाच घ्यावा. मागाहून बदलायचं तर डंप (सगळ्या डेटाची नक्कल) काढून 'टेम्प्लेट झीरो' या कोऱ्या साच्यावरून नवा डेटाबेस उभारावा लागतो.

पॅकेज टाकायला वेळ लागत नाही, खरा वेळ त्याच्या मागेपुढे जातो. डेबियन या लिनक्सवर पॅकेज टाकताक्षणी क्लस्टर (डेटाबेस ठेवायची मूळ जागा) आपोआप तयार होतो, तोही त्या वेळी जे लोकेल असेल ते घेऊन. म्हणून 'क्रिएटक्लस्टर' फाइलमध्ये मुख्य क्लस्टर बनवणं आम्ही आधी बंद करतो. रेड हॅटच्या कुळातल्या लिनक्सवर इनिटडीबी (क्लस्टर बनवणारी आज्ञा) स्वतः चालवावं लागतं, आणि आठव्या आवृत्तीवर तरी त्याआधी वितरणाचं (त्या लिनक्ससोबत आलेलं) स्वतःचं पोस्टग्रेस मॉड्यूल बंद करावं लागतं, नाहीतर पोस्टग्रेसच्या अधिकृत रिपॉझिटरीतली (पॅकेजच्या साठ्यातली) पॅकेजेस दिसतच नाहीत. डेटा वेगळ्या डिस्कवर न्यायचा तर एसई-लिनक्सचं (कुठल्या प्रोग्रामने कुठल्या फाइलला हात लावायचा यावरचा पहारा) 'पोस्टग्रेसक्यूएल-डीबी-टी' हे लेबल सीमॅनेजने नोंदवून ते फाइलींना लावायला रिस्टोरकॉन चालवायचं. पुष्कळ जण इथे अडतात आणि एसई-लिनक्सच बंद करून टाकतात. असं करू नका.

डिस्कसाठी आमचं आवडतं हत्यार म्हणजे पोस्टग्रेससोबतच येणारं, डिस्क खरोखर किती वेगाने लिहिते ते मोजणारं 'पीजी-टेस्ट-एफसिंक'. ७२०० आरपीएमची साधी हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणजे एकामागून एक खरी लेखनंही साधारण तेवढीच व्हायला हवीत. या चाचणीत हजारोंचा आकडा दिसला तर डिस्क तिच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या स्मृतीत) ठेवलेल्या मजकुरालाही 'लिहिलं' म्हणते आहे. वीज गेली की तो मजकूर गेला. एसएसडी घ्याल तर वीज गेल्यावर कॅश वाचवणारे कपॅसिटर असलेलीच घ्या.

मेमरीबद्दल. शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसची सामायिक मेमरी) मूळचे १२८ एमबी असतात, ते रॅमच्या चौथ्या हिश्शाएवढे करा. वर्क मेम (एकेका कामाला मिळणारी मेमरी) मात्र हात राखून वाढवा, कारण ती मर्यादा दर कनेक्शनला नसून क्वेरीतल्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातल्या) दर सॉर्टला किंवा हॅशला आहे. १०० कनेक्शन्स, प्रत्येकी दोन सॉर्ट, वर्क मेम ६४ एमबी : साडेबारा जीबी. १६ जीबीच्या यंत्रावर शेअर्ड बफर्सचे ४ जीबी त्यात मिळवा, की कर्नल (लिनक्सचा गाभा) पोस्टग्रेसची प्रक्रिया मारणार. ते टाळायला ओव्हरकमिट मेमरी हे कर्नलचं सेटिंग २ वर ठेवतात, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपुढे तो मेमरी कबूल करत नाही. पण ओव्हरकमिट रेशो (त्या मर्यादेत रॅमचे किती टक्के धरायचे तो आकडा) मूळच्या ५० वरच राहिला आणि स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) लहान असला, तर निम्मी रॅम मोकळी असतानाही 'मेमरी नाही' अशी ओरड होते. दोन्ही आकडे एकत्रच ठरवायचे.

पुढची काही वर्षं सरळ गेली. मग पतसंस्थेचं प्रकरण झालं.

३० जून २०२४ ला सेंटओएस ७ या लिनक्सचा आधार (दुरुस्त्या मिळणं) संपणार होता. जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचा डेटाबेस आम्ही सांभाळत होतो. नव्या सर्व्हरचं काम त्यांनी आमच्यापेक्षा बऱ्याच कमी दरात दुसऱ्या फर्मला दिलं. त्या फर्मने अल्मालिनक्स ८ बसवलं, पोस्टग्रेस १२ तेच ठेवलं आणि डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी आरसिंकने (फाइलींची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने) उचलून ठेवली. सर्व्हिस चालू झाली, लॉगमध्ये एकही इशारा नाही. पीजी-एचबीएमध्ये (कुणाला कसं आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये) सगळ्यात वर सगळ्या पत्त्यांसाठी 'ट्रस्ट'ची, म्हणजे पासवर्ड न विचारण्याची, ओळही टाकली. त्या फाइलमध्ये पहिली जुळणारी ओळ लागू होते, खालच्या स्क्रॅमच्या (पासवर्ड तपासणाऱ्या) ओळी वाचल्याच जात नाहीत. म्हणजे पासवर्डशिवाय पतसंस्थेचं दार सताड उघडं.

थोड्याच दिवसांत काउंटरवर तक्रारी आल्या. खातं यादीत दिसतं, क्रमांकाने शोधलं तर सापडत नाही. मग एकाच क्रमांकाची दोन खाती निघाली, तेही युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दुसऱ्यांदा येऊ न देणारी सूची) असताना. त्या फर्मने संचालकांसमोर सांगितलं की सर्व्हर ठीक आहे, डेटाबेसवाल्यांचं काम कच्चं आहे. आमचं बिल थांबलं. त्या पतसंस्थेच्या शब्दावर आमच्याकडे येणाऱ्या दुसऱ्या संस्थाही थांबल्या, आणि पगार कुठून द्यायचे हा प्रश्न उभा राहिला.

कारण होतं ग्लिब-सी, म्हणजे लिनक्सची मूळ लायब्ररी. आयसीयू लावलेलं नसेल तिथे पोस्टग्रेस मजकुराचा क्रम तिच्याकडून घेतं. सेंटओएस ७ वर ती २.१७ आहे, अल्मालिनक्स ८ वर २.२८, आणि २.२८ मध्ये शब्दांच्या तुलनेचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. आम्ही संचालकांसमोर दोन्ही सर्व्हरवर 'सॉर्ट' (ओळी क्रमाने लावणारी आज्ञा) चालवून दाखवलं, लोकेल यूएस इंग्रजी यूटीएफ-८. '१-१' आणि '११' या दोन ओळी इंग्रजी अंकांत दिल्या. जुन्यावर '११' आधी आलं, नव्यावर '१-१'. पतसंस्थेचे खाते क्रमांक शाखा, मधे आडवी रेघ आणि पुढे क्रमांक असे मजकूर म्हणून साठवलेले. बी-ट्री इंडेक्स (झाडासारखी फांद्याफांद्यांची सूची) जुन्या क्रमाने रचलेला आणि शोध नव्या क्रमाने : एका वर्णक्रमाने छापलेल्या शब्दकोशात दुसऱ्या वर्णक्रमाने शब्द शोधावा तसं. नोंद असते, पण शोध भलत्याच फांदीवर उतरतो. दुबार तपासणीही त्याच वाटेने जाते, म्हणून दुसरं खातं आत शिरतं.

पुरावा दिला तो 'एएमचेक' या इंडेक्स तपासणाऱ्या एक्स्टेन्शनने. त्यातलं बीटी-इंडेक्स-चेक चालवताच 'आयटम ऑर्डर इन्व्हेरिएंट व्हायोलेटेड' (नोंदींचा क्रम मोडला आहे) हा संदेश आला, आणि तोही मजकुराच्या इंडेक्सवरच. पूर्णांकांचे आणि तारखांचे इंडेक्स धड होते. आमचं काम कच्चं असतं तर बिघाड अशी निवड करून आला नसता.

दुरुस्तीतही क्रम पाळावा लागतो. थेट रीइंडेक्स केलं (इंडेक्स नव्याने बांधला) तर युनिक इंडेक्स दुबार नोंदींवर अडतो. आधी दुरुस्तीच्या सेशनमध्ये (डेटाबेसशी केलेल्या जोडणीत) इंडेक्स स्कॅन, इंडेक्स-ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन तिन्ही बंद करायचे, म्हणजे शोध थेट टेबलातून होतो. मग ग्रुप बाय करून (सारखे क्रमांक एकत्र मोजून) एकाहून जास्त वेळा आलेले क्रमांक काढायचे. कुठली नोंद खरी हे पतसंस्थेच्या लोकांनी व्हाउचर बघून ठरवलं, ते आम्ही ठरवणं योग्य नव्हतं. त्यानंतर मजकुराचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स केले आणि एएमचेक पुन्हा चालवलं.

पतसंस्था आमच्याकडेच राहिली, बिल उशिरा का होईना मिळालं. त्या फर्मने चूक आजवर मान्य केलेली नाही आणि बाजारात अजून आमचंच नाव घेतलं जातं. म्हणून हे इथे सविस्तर लिहिलं.

ऑपरेटिंग सिस्टिम बदलताना डेटा डिरेक्टरी उचलून नेऊ नका. पीजी-डंप काढून रिस्टोर करा, इंडेक्स नव्याने बांधले जातात. बंद ठेवण्याइतका वेळ नसेल तर लॉजिकल रेप्लिकेशन (फाइली न उचलता नोंदींमधले बदल नव्या सर्व्हरवर पाठवत राहणं) वापरा. स्ट्रीमिंग रेप्लिका (इंडेक्ससकट जशीच्या तशी चालती नक्कल) वेगळ्या ग्लिब-सीवर उभी केली तर तिथेही हाच घात होतो. पंधराव्या आवृत्तीपासून डेटाबेसच्या कोलेशनची आवृत्ती नोंदली जाते आणि फरक पडला तर जोडणी करतानाच इशारा मिळतो. 'रिफ्रेश कोलेशन व्हर्जन' या आज्ञेने तो इशारा फक्त गप्प होतो, इंडेक्स दुरुस्त होत नाही. आधी रीइंडेक्स, मग रिफ्रेश.

सध्या शेठचा सर्व्हर अठराव्या आवृत्तीवर न्यायची तयारी चालू आहे. अठरामध्ये डेटा चेकसम (साठवलेला डेटा बिघडला तर कळावं म्हणून ठेवलेले पडताळणीचे आकडे) आपोआप चालू असतात, शेठच्या जुन्या क्लस्टरवर ते नाहीत, आणि दोन्हीकडे सारखे नसतील तर पीजी-अपग्रेड (आवृत्ती बदलणारा प्रोग्राम) पुढे जात नाही. म्हणून आधी बाजार बंद असेल त्या दिवशी सर्व्हिस थांबवून जुन्यावर पीजी-चेकसम्सने ते चालू करायचे आणि मगच अपग्रेड.