आमची वाटचाल : एक कापडी चार्ट आणि चोवीस वर्षं

परवा आमच्या छपाईच्या गाळ्याला ३१ वर्षं झाली. भाचा म्हणाला, मामा आता तरी सगळं लिहून काढ, नाहीतर लोकांना वाटतं आपण नुसत्या लग्नपत्रिका छापतो. म्हणून टीबीच्या कापडी चार्टचं लिहायला बसलोय. लिहायची सवय नाही, जसं आठवेल तसं लिहितो.

१९९४ साली मुंबईत लालबागला एका चाळीच्या मागच्या शेडमध्ये मी आणि माझ्या पार्टनरने स्क्रीन प्रिंटिंग चालू केलं, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून रंग दाबून छपाई. पार्टनरला अख्खी चाळ पेंटर म्हणायची, मीही पेंटरच म्हणतो. त्याचे वडील गिरणीत साचाखात्यात. ८२ चा गिरण्यांचा संप लागला तेव्हा हा शाळेत होता आणि संपाचे कापडी बॅनर लिहिता लिहिताच त्याचा हात बसला. मांजरपाटावर ब्रश कसा फिरतो ते त्याला कुणी शिकवलं नाही, आणि आजही कापडावर अक्षर टाकायचं तर मी त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवत नाही.

सामान म्हणाल तर सहा लाकडी फ्रेम, दोन स्क्वीजी (जाळीवरून रंग ओढायचं रबरी पातं), कपडे वाळत घालायच्या दोऱ्या हाच आमचा रॅक, आणि एक्सपोजरसाठी, म्हणजे उजेडाने जाळीवर चित्र उतरवायला, घरी बनवलेलं ट्यूबलाइटचं खोकं. वर काच, काचेवर पॉझिटिव्ह (चित्राची पारदर्शक फिल्म), त्यावर फ्रेम, फ्रेमच्या आत फोम आणि फोमवर विटा. जे या लाइनीत आहेत त्यांना माहिती आहे, वीट जरा सरकली की कड धुरकट येते आणि पाण्याने धुताना बारीक रेघा उघडतच नाहीत. कापडाला जाळी जाड लागते, रंग आत मुरला पाहिजे पण पसरता कामा नये, आणि स्क्वीजीचं रबर गोल झालं की पॉलिशपेपरवर घासून परत धार आणायची. आता पोरं मशीनवर बटण दाबतात, चांगलं आहे, पण रबराला धार नसली की मशीनचंही काम घाणच येतं हे लक्षात ठेवा.

पहिली काही वर्षं टी-शर्ट, मंडळांचे बॅनर, डॉक्टरांची पॅडं यात गेली.

२००१ मध्ये ताई आल्या. नाव लिहित नाही, त्यांना आवडणार नाही. गोवंडीला शिवाजीनगर, बैंगनवाडी भागात टीबीवर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत होत्या. हातात कागदी फ्लिपचार्ट, पावसात भिजून त्याची पानं एकमेकांना चिकटलेली. म्हणाल्या, दादा, मला असं काहीतरी द्या जे घडी घालून पिशवीत जाईल, दोरीवर दोन चिमट्यांनी टांगता येईल आणि धुता येईल. पेंटरने तिथल्या तिथे मांजरपाटाचा तुकडा फाडून त्यांच्या हातात दिला. त्यातूनच आमचा पहिला कापडी चार्ट झाला, बारा पानांचा.

आता टीबीचं काम म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची, टीबी निघाला तर साध्या टीबीला सहा महिने गोळ्या. ऐकायला सोपं आहे. पण दीड-दोन महिन्यांत माणसाला बरं वाटायला लागतं, ताप जातो, वजन वाढतं, आणि रोजावर जाणारा माणूस म्हणतो आता कशाला त्या गोळ्या. तिथेच घोटाळा होतो. अर्धवट सोडलं की आजार उलटतो, आणि उलटलेला पुष्कळदा साध्या औषधांना दाद देत नाही. त्यात घरचे लपवतात, मुलीचं लग्न राहिलंय, शेजारी नळावर उभं करणार नाहीत. म्हणजे माहिती नाही असं नसतंच. माहिती असते, तोंड उघडायची भीती असते. आणि भीती काही एका पोस्टरने जात नाही.

पेंटरने पहिलं चित्र काढलं त्यात आजारी माणूस कोपऱ्यात, त्याचं ताट वेगळं. आम्हाला वाटलं काळजी दाखवलीये. ताईंनी ते वस्तीत नेऊन बायकांना विचारलं काय दिसतं, तर एक आजी म्हणाली, याला घरातून काढलाय. झालं! आम्ही तेच पसरवत होतो जे मोडायचं होतं. तीस चार्ट छापून तयार होते, सगळे बाजूला टाकले, पैसे आमचेच गेले. पेंटर रात्रभर बसला आणि सकाळी नवं चित्र काढलं, माणूस खाटेवर, आणि शेजारी हिरव्या साडीतली त्याची बायको, अगदी जवळ बसलेली, तळहातावर गोळ्या मोजतेय. तिचं नाव आम्ही ठेवलं नाही. वस्तीनेच ठेवलं, हिरवी.

मग दर दोन-तीन वर्षांनी हिरवीचा पुढचा भाग निघायचा. आधी नवऱ्याचा कोर्स पुरा झाला. मग तिची मुलगी खोकायला लागली. मग मुलीला स्थळ आलं, सांगायचं का लपवायचं. ताई चार्ट टांगायच्या आणि बायका आधी विचारायच्या, हिरवीचं पुढं काय झालं? लोक तिच्याबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल बोलायला लागले. पण याला वेळ लागतो हो. चार-पाच वर्षं तर नुसतं ऐकूनच घेतात.

आता २००९ चं लिहितो. हे लिहिताना अजून घशाशी येतं पण लिहिणार.

आमच्याकडे एक मुलगा चार वर्षं काम शिकला. फ्रेम ताणायला मी शिकवलं, चित्र कसं साधं ठेवायचं ते पेंटरने. हुशार होता, नाही म्हणत नाही. आमच्याकडून गेला आणि अंधेरीला जाहिरातीची एजन्सी काढली, काचेची केबिन वगैरे. त्यात दोष काहीच नाही, प्रत्येकाने वाढावं. पण ताईंच्या संस्थेला पैसे देणारी पार्टी बदलली, नव्या लोकांना सगळं झटपट हवं होतं, आणि हा तिथे प्रेझेंटेशन घेऊन हजर. मी पण होतो त्या मीटिंगला, मांडीवर चार्टची घडी घेऊन. तो सांगत होता, तीन महिन्यांत अमुक लाख लोकांपर्यंत पोचतो, एवढे फ्लेक्स, एवढ्या रिक्षांच्या मागे जाहिरात, एका हिरोसारख्या दिसणाऱ्या मॉडेलचा फोटो. मी एकच विचारलं, चौथ्या महिन्यात काय? तो गप्प बसला. समोरचे साहेब म्हणाले, आम्हाला मार्चमध्ये रिपोर्ट द्यायचाय.

काम त्याला गेलं. आणि चार्ट? साहेब म्हणाले, जुनाट दिसतो.

इथे आमची अवस्था काय ते बघा. पुढच्या भागासाठी कापड आणि रंग आधीच उधारीवर उचललेला, एक लाख ऐंशी हजार. मागच्या कामाचं बिल अकरा महिने अडकलेलं, आज सही नाही, उद्या साहेब नाहीत. रंगवाला चांगला माणूस, पण तोही किती थांबणार. पतपेढीतून कर्ज काढलं, शेडचं भाडं चार महिने थकलं, एक दिवस मालकाने कुलूप लावलं आणि आमच्या फ्रेम आत राहिल्या. पेंटर त्या कुलपासमोर पायरीवर बसून होता संध्याकाळपर्यंत. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गिरगावात कांदेवाडीला गेलो आणि दुकानादुकानातून लग्नपत्रिकांचं जॉबवर्क मागितलं. ज्या माणसाने संपाचे बॅनर लिहिले, ज्याची हिरवी गोवंडीत घराघरात पोचली, तो दीड वर्ष सोनेरी पावडरमध्ये गणपती छापत होता. काम वाईट नाही, त्यानेच आम्हाला जगवलं. पण त्या मुलाने कधी फोन करून विचारलं नाही, एवढंच.

त्या दिवसांत पेंटर कुठून तरी र. धों. कर्व्यांबद्दल वाचून आला होता. आपल्या मुंबईतलेच. १९२१ मध्ये त्यांनी इथे संततिनियमनाचं केंद्र काढलं, या विचारांपायी प्राध्यापकाची नोकरी गेली, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं ते १९५३ मध्ये वारले तोपर्यंत. सव्वीस वर्षं. सरकारने कुटुंबनियोजन धोरण म्हणून घेतलं १९५२ मध्ये, म्हणजे त्यांनी केंद्र काढल्यावर एकतीस वर्षांनी. पेंटर म्हणाला, त्यांच्याकडे तिसऱ्या महिन्यात कुणी रिपोर्ट मागितला असता तर काय दाखवलं असतं रे? मी त्या पायरीच्या दिवसानंतर पहिल्यांदा नीट जेवलो त्या रात्री.

पुढच्या पावसाळ्यात मी बैंगनवाडीला गेलो होतो, वसुलीसाठीच. बघतो तर ते फ्लेक्स झोपड्यांवर घातलेले. लोकांचं काय चुकलं, छप्पर गळतं, फ्लेक्स पाणी धरतो, फुकट मिळाला. एका घरात वर बघितलं तर तो मॉडेल आतून उलटा दिसत होता, छातीवर हात ठेवून, आणि टीबीच्या घोषणेतलं अर्धं वाक्य बांबूत गेलेलं. त्याच गल्लीत ताईंच्या खोलीत आमचा २००१ चा चार्ट खिळ्याला टांगलेला. हिरवीची साडी धुऊन धुऊन पोपटी झालेली, एका पानाला फोडणीचा डाग. ताई म्हणाल्या, हिशोबात हा बंद झालाय, पण बायका मागतात म्हणून मी सुट्टीच्या दिवशी नेते.

काम हातचं गेल्यावर चौदा महिन्यांनी ताई परत आल्या. एजन्सीचा कॅम्पेन संपला होता, पैसे देणारे दुसऱ्या विषयाकडे वळले होते. ताईंनी बायकांची वर्गणी आणली होती, दहा-दहा, वीस-वीसच्या नोटा रुमालात. सहा हजार चारशे. म्हणाल्या, दादा, एवढ्यात जेवढं बसेल तेवढं छापा. आम्ही पूर्ण भाग छापला. कर्ज फिटायला पुढे पाच वर्षं लागली, ते असो.

आणि आता जे सांगतो ते मी स्वतः बघितलंय. त्यानंतरच्या जानेवारीत वस्तीत हळदीकुंकू होतं, ताईंनी मला चार्ट टांगायला बोलावलं. मुलीच्या स्थळाचं पान आलं आणि मागे बसलेली एक बाई, चाळिशीची असेल, उठून म्हणाली, मला पण झाला होता, लग्नाआधी, मी नवऱ्याला आजपर्यंत सांगितलं नव्हतं, आज सांगणार. सगळ्या गप्प. मग दुसरी म्हणाली, माझ्या दिराला आहे, आत्ता चालू आहे कोर्स. वाण वाटायचं बाजूलाच राहिलं, तासभर बायका बोलत होत्या. ही बाई पहिल्या वर्षापासून चार्ट बघायला यायची असं ताई म्हणाल्या. नऊ वर्षं ती नुसती बसून होती. तिला कुठल्या रिपोर्टच्या कुठल्या रकान्यात घालायचं ते मला कुणीतरी सांगा.

पोलिओचं बघा ना. १९९५ मध्ये देशभर पल्स पोलिओ सुरू झाला, शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्याची, आणि पोलिओमुक्त असं सर्टिफिकेट मिळालं २७ मार्च २०१४ ला. थेंब दोनच होते, पण त्याच दारावर परत परत जायचं, खडूने खूण करायची, करंगळीला शाई लावायची, जिथे दार उघडत नाही तिथे मौलवींना, शेजारणींना सोबत घेऊन जायचं, हे कार्यकर्त्या बायकांनी वर्षानुवर्षं केलं. नुसत्या जाहिरातीने झालं असतं तर ९६ लाच झालं असतं.

जे नवीन पोरं पोरी या कामात उतरतायत त्यांना दोन-चार गोष्टी सांगतो, विचारलं नसलं तरी. चेहरा बदलू नका. रंग बदलू नका. साहेबाला कंटाळा येतो, वस्तीला येत नाही, तिथे नुकती ओळख व्हायला लागलेली असते. छपाईवर सगळे पैसे उडवू नका, निम्मे पुढच्या वर्षांसाठी आणि चार्ट घेऊन फिरणाऱ्या बाईच्या पगारासाठी ठेवा, ती टिकली तर काम टिकतं. फोन नंबर आणि योजनेची रक्कम चार्टवर छापू नका, वेगळ्या पट्टीवर शिवा. निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकार देतं ते, महिन्याला ५०० होते, आता १००० झाले, आम्ही फक्त पट्टी उसवून दुसरी लावली, चार्ट तोच. छापायच्या आधी दहा बायकांना दाखवा आणि काय समजलं ते सांगू नका, विचारा. सहा महिन्यांनी परत जा आणि चार्ट न दाखवता विचारा काय आठवतं. आणि बिलाचे निम्मे पैसे आधी घ्या, संस्था कितीही चांगली असो, हे मी फार उशिरा शिकलो.

पेंटर २०१६ पासून कणकवलीला गावी असतो. डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण हात तसाच आहे. ताई रिटायर झाल्या. त्यांच्या जागी आता जी मुलगी आहे ती त्याच गल्लीतली, लहानपणी आईच्या मांडीवर बसून चार्ट बघायची. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. म्हणाली, काका, हिरवी आता म्हातारी झाली पाहिजे, तिला नात दाखवा, आणि नातीला औषध रोज घ्यायचं असतं त्याची मोबाइलवर आठवण कशी ठेवायची ते हिरवीने शिकून घेतलेलं दाखवा.

पेंटरने गावाहून चित्र पाठवलं, केस पिकलेत, चष्मा आलाय, बसायची ढब तीच. जुन्या फ्रेमला नवीन जाळी ताणून ठेवलीये. साडीचा हिरवा जमत नव्हता, बाजारातला जो तो भडक, शेवटी जुन्या डब्याच्या तळाला रंग वाळला होता तो खरवडून रंगवाल्याला दाखवला आणि तसाच मिसळून आणलाय. पाऊस आहे त्यामुळे कापड वाळायला दोन दिवस जास्त लागतील, तिला मी शनिवार सांगितलाय.