चर्चगेट शोधताना भेटलेले दगड

चर्चगेटला उतरलं की यातलं 'गेट' कुठे गेलं, हा प्रश्न मला दर वेळी पडायचा. या वेळी मुंबईच्या कोटाचा जुना नकाशा मोबाइलवर घेऊनच निघालो. नकाशात तटाला तीन दरवाजे आहेत: बाजारगेट, अपोलो गेट आणि सेंट थॉमस चर्चच्या वाटेवरचं चर्चगेट. त्या खुणेवर पोचलो, तर समोर फ्लोरा फाउंटन!

१८६४ मधलं हे कारंजं इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडात घडवलंय. हा ज्युरासिक काळातला चुनखडक, सुमारे पंधरा कोटी वर्षांचा. मुंबई ज्या लाव्हावर उभी आहे, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. दुपटीहून जास्त वयाचा हा पाहुणा बोटीने आला. मी किती तरी वेळ तिथून हललो नाही.

पुढे ओव्हल मैदानाकडे वळलो. नकाशात इथे तटाबाहेरचं मोकळं मैदान आहे. १८६० च्या दशकात तट पाडला आणि या मोकळ्या पट्ट्यात, तेव्हा जवळच असलेल्या समुद्राकडे तोंड करून, हायकोर्ट आणि विद्यापीठ उभं राहिलं. हायकोर्ट काळ्या बेसॉल्टचं, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या दगडाचं, गंभीर. शेजारचा राजाबाई टॉवर मात्र पिवळसर, कुर्ल्याच्या दगडाचा. तोही लाव्हाच, पण सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) जास्त असलेला, म्हणून फिका: याला ट्रॅकाइट म्हणतात. विद्यापीठाच्या नाजूक कोरीवकामाला पोरबंदरचा दगड वापरलाय. गेल्या काही लाख वर्षांतला हा चुनखडक भिंगाखाली धरला, तर सूक्ष्म सागरी जिवांची कवचं दिसतात. बेसॉल्टवर असली नक्षी काढायची तर छिन्न्या झिजतील. हा मऊ, म्हणून कारागिराच्या हाताला वश झाला. पण मऊपणामुळेच मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत तो लवकर झिजतो, याची मला हुरहूर वाटते. दुरुस्तीत त्यावर सिमेंट थापलेलं दिसलं की जीव कळवळतो.

काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररीत मालाडचा पिवळा दगड डोळे भरून पाहिला आणि नकाशाच्या उत्तर टोकाकडे निघालो. सीएसएमटीच्या मागे, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात, किल्ल्याचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. उन्हाने तापलेल्या त्या दगडावर तळहात ठेवला. दुसऱ्या हातातल्या नकाशावर तीच रेघ होती.