टाकीचं रीडिंग थेट असिस्टंटला – तिसरा रविवार

मंडळी, गच्चीवरच्या टाकीचा प्रोजेक्ट आठवतोय ना, ईएसपी३२ (वाय-फायवाला छोटा कंट्रोलर) आणि जेएसएन-एसआर०४टी (प्रतिध्वनीवरून पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा सेन्सर) वाला? सेन्सर चालू होता पण कोड सुधारायला एआय असिस्टंटला बसवलं की तो मनाने रीडिंग धरून चालायचा, मी टर्मिनलमधून आकडे कॉपी करून त्याला चिकटवत बसायचो, वैताग नुसता. म्हणून एमसीपी सर्व्हर लिहायला घेतला. एमसीपी म्हणजे एआय असिस्टंटला बाहेरची माहिती आणि टूल जोडायची पद्धत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला तोच, आत साधं जेसन-आरपीसी २.० (मेसेज पाठवायचा एक ठरलेला साचा) आहे.

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर मॉस्किटो आधीपासून होताच, तो ब्रोकर, म्हणजे आलेले मेसेज मागेल त्याला पोचवणारा, ईएसपी दर ५ सेकंदांनी त्यावर अंतर पाठवतो. पायथॉनमध्ये फास्टएमसीपी ही लायब्ररी घेतली, फंक्शनच्या डोक्यावर डेकोरेटरची एक ओळ लावली की झालं असिस्टंटला वापरता येणारं टूल. फंक्शनखालची डॉकस्ट्रिंग (ते काय करतं याचं वर्णन) मात्र मन लावून लिहा, असिस्टंट तीच वाचून ठरवतो टूल कधी वापरायचं ते. माझ्या पहिल्या डॉकस्ट्रिंगमध्ये नुसतं 'टाकी' लिहिलेलं, साहेबांनी टूलकडे ढुंकूनही बघितलं नाही.

आणि जोडणीच होईना! दीड तास गेला. कारण काय तर मी डीबगिंगसाठी प्रिंट टाकून ठेवलेलं, 'ब्रोकर जोडला' म्हणून. स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून बोलणी चालतात तेव्हा आउटपुटवर प्रोटोकॉलच्या मेसेजशिवाय एक अक्षर जाता कामा नये, लॉग सगळे एसटीडीईआरआरवर, म्हणजे चुकांसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर. हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे, वाचतो कोण. सर्व्हर पायवर आणि मी लॅपटॉपवर, तर कॉन्फिगमध्ये कमांड म्हणून सरळ एसएसएच (दुसऱ्या मशीनवर कमांड चालवायची सोय) दिलंय, पोर्ट उघडायची भानगडच नाही.

आता खरी गंमत. टूलला हाक मारली की ब्रोकरला सबस्क्राइब करायचं, पहिला मेसेज आला की तो द्यायचा आणि सुटायचं, असं मी केलेलं. मस्त चाललं. सोमवारी सकाळी असिस्टंट म्हणतो पातळी सेन्सरपासून ८४ सेंमीवर स्थिर आहे, तुमचा आकडे गाळणारा फिल्टर उत्तम काम करतोय. मी पण खूश. तेवढ्यात खालून वॉचमनकाकांचा आवाज, "साहेब, टाकी वाहतेय!" गच्चीवर जाऊन बघतो तर ईएसपीचा अडॅप्टर रात्रीच गेलेला. मी मेसेज रिटेन करून पाठवत होतो ना, त्यामुळे ब्रोकर शेवटचं रीडिंग जपून ठेवायचा आणि येईल त्याला तेच शिळं ८४ वाढायचा. असिस्टंटचा काय दोष, त्याला मीच ताजं म्हणून दिलेलं.

आता रिटेन बंद. ईएसपी एनटीपीवरून, म्हणजे नेटवर्कवरून, वेळ घेऊन प्रत्येक मेसेजमध्ये टाकतो, पायवर एक छोटी स्क्रिप्ट सगळं एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये लिहिते आणि टूल आकड्यासोबत 'किती सेकंद जुना' हेही सांगतं, ३० च्या वर गेलं तर आकडा देतच नाही, सरळ एरर. असिस्टंट काही डोळे लावून बसलेला नसतो, गरज पडली की विचारतो, तेव्हा रिअल टाइम म्हणजे माझ्या मते हे वय सांगणंच. आधी दर वेळी ५०० रीडिंग ओतत होतो, त्याने कॉन्टेक्स्ट (असिस्टंटला एका वेळी धरता येणारा मजकूर) भरून जायचा, आता शेवटची २० आणि दहा मिनिटांतलं किमान-कमाल, बस.

फायदा काय ते सांगतो. टाकी भरत आली की अंतराचे आकडे असे यायचे: २७, २६, २५, ११३, २५, ६४. मी मीडियन फिल्टर (मधला आकडा धरणारा) लावून लावून थकलो होतो. असिस्टंटने टूलला दोनदा हाक मारली, रीडिंग बघितली आणि म्हणाला, गोंधळ फक्त २५ च्या आसपास होतोय, पाणी खाली असताना नाही, सेन्सरचा ब्लाइंड झोन तपासा. बरोबर! हा सेन्सर साधारण २०-२५ सेंमीच्या आतलं धड मोजतच नाही. कोडमध्ये उपाय नव्हताच. झाकणाला भोक पाडून त्यावर उलटी बादली बसवली, सेन्सर बादलीच्या बुडात. भोक मोठं पाडा बरं का, मी आधी लहान पाडलं तर काठावरूनच प्रतिध्वनी यायला लागला.

मोटर चालू-बंद करायचं टूल मुद्दाम दिलेलं नाही, घरातूनही तशी ताकीद आहे. पुढच्या रविवारी अडॅप्टर बदलून पावसापासून झाकायचाय, कोणाकडे स्वस्तातला वॉटरप्रूफ डबा असेल तर सांगा.